राणीसाहेब आणि भिंतीपलीकडचा

घरजावयाने सासऱ्याच्या झाडाला नावं ठेवू नयेत, हे शहाण्याला सांगावं लागत नाही. पण चारचौघांत त्या झाडाची स्तुतीही करू नये, हे मात्र कुणी सांगत नाही. या जावयाने ती केली आणि पुढचं अर्धं आयुष्य तो ती निस्तरत बसला.

तो टिशू कल्चरच्या प्रयोगशाळेत कामाला होता. मुलगी पाहायला गेला तेव्हा मुलीच्या वडिलांनी, म्हणजे धान्याच्या एका मोठ्या गोदामाच्या प्रमुखांनी, त्याला समोर बसवून विचारलं होतं, "करता काय?"

"खजूर कापतो."

"दुकान आहे?"

"नाही, प्रयोगशाळा. कापून बरणीत ठेवतो."

"मग खातं कोण?"

"कुणी नाही. त्याची झाडं होतात."

"अहो, बी टाकली की झाड होतं. त्यासाठी पगारी माणूस कशाला?"

मग त्याने समजावून सांगितलं. खजुराची बी पेरली तर निम्मी झाडं नर निघतात. नराला फळ येत नाही, आणि तो नर आहे हे कळायला चार-पाच वर्षं पाणी घालावं लागतं. उरलेल्या माद्या आईच्या वळणावर जातील याची हमी नाही. आईच्या बुडाशी जी पिल्लं फुटतात ती मात्र हुबेहूब आई असतात. पण एक झाड जन्मभरात मोजकीच पिल्लं देतं. म्हणून एका पिल्लाचा कोवळा गाभा काढून, त्याचे तुकडे करून, प्रत्येक तुकड्याची झाडं करायची. सासऱ्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि आत जाऊन बायकोला सांगितलं, "माणूस निरुपद्रवी आहे." त्या एका गुणावर लग्न ठरलं.

मुलगी एकुलती एक, घर प्रयोगशाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि वरच्या मजल्यावर पाण्याच्या टाकीला लागून एक खोली रिकामी. तेव्हा तात्पुरतं म्हणून जोडपं तिथे राहायला आलं. तात्पुरत्या गोष्टी किती टिकाऊ असतात हे ज्याला पाहायचं असेल त्याने ती खोली पाहावी. टाकी भरली की भिंतीला घाम यायचा आणि जावयाच्या उशाशी रात्रंदिवस गुळगुळ आवाज चालायचा. त्याची तक्रार नव्हती. तक्रार न करण्याचं तर त्याचं शिक्षण झालं होतं.

प्रयोगशाळेत सकाळी चपला बाहेर काढायच्या, आतल्या चपला घालायच्या, पुढच्या दारापाशी त्याही काढायच्या. कोपरापर्यंत हात धुवायचे. टोपी, मास्क, अंगरखा. मग गाळलेली हवा तोंडावर सोडणाऱ्या, समोरून उघड्या कपाटापुढे बसायचं. त्याला तिथे सगळे 'लॅमिनार' म्हणत. चिमटा दिव्यावर तापवायचा, गार होऊ द्यायचा, तुकडा उचलायचा, कापायचा, बरणीत ठेवायचा, झाकण लावायचं. बोलायचं नाही, कारण बोलण्यातून जंतू जातात. शिंकायचं नाही. नाकाला खाज आली तर ती आपणहून जाईपर्यंत वाट पाहायची. या कलेत तो तरबेज झाला आणि तिचा त्याला प्रयोगशाळेपेक्षा घरी जास्त उपयोग झाला.

घरात बोलायचं काम सासऱ्यांकडे होतं, आणि त्यांचा विषय ठरलेला होता. अंगणातलं खजुराचं झाड. त्याला ते 'राणीसाहेब' म्हणत. झाड म्हटलेलं त्यांना खपत नसे. गावातल्या इतर झाडांचे घोस अजून कच्चे आणि तुरट असताना राणीसाहेबांचे घोस मऊ पडून गळायला लागलेले असत, आणि एकेक फळ अंगठ्याएवढं. सासरे ते डब्यांत भरून गल्लीभर वाटत. डबा फुकट असे. त्याबरोबर भाषण ऐकावं लागे. "खानदान लागतं," हे भाषणाचं पहिलं वाक्य, आणि "आणि थोडा आमचा हातगुण," हे शेवटचं. मधलं सगळ्यांना पाठ होतं.

डबा एका घरी जात नसे. ते घर भिंतीला भिंत लागून होतं. तिथे एक निवृत्त मोजणीदार राहत. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजून झाल्यावर निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतःची मोजली आणि सासऱ्यांची कुंपणभिंत हातभर आपल्या हद्दीत आल्याचं जाहीर केलं. सासरे म्हणाले, तुमची फीत ढिली पडली असेल. मोजणीदारांना लोकांनी आजवर बरंच काही म्हटलं होतं, पण त्यांच्या फितीला कुणी नावं ठेवली नव्हती. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. म्हणजे एकमेकांशी बंद. एकमेकांविषयी भिंतीला ऐकवणं चालूच होतं. "काही लोकांना पालापाचोळा आवरत नाही," असं इकडून. "काही लोकांना हद्द कशाला म्हणतात तेच माहीत नाही," असं तिकडून.

मोजणीदारांच्या अंगणातही एक खजूर होता. नर. भिंतीकडे झुकलेला, बुटका, काट्यांचा. सासरे त्याला 'वांझोटं झुडूप' म्हणत, आणि त्यांच्या भाषणात राणीसाहेबांच्या थोरवीला उठाव देण्यापुरताच त्याचा उल्लेख येई.

खजुराच्या मादीला फळ धरवायचं तर नराचे परागकण माणसाने आणून द्यावे लागतात. नराची फुलं एका जाड, होडीसारख्या आवरणात येतात, ती पोय. ती फोडायची, आतल्या तुऱ्याच्या चार काड्या मादीच्या फुलोऱ्यात उलट्या खोचायच्या आणि सैल बांधायच्या. हे काम सासरे दर वर्षी एका पहाटे उरकत. शिडी धरायला फक्त सासूबाई. इतर कुणी अंगणात यायचं नाही. "एकाग्रता लागते," ते म्हणत. जावई वरच्या खोलीत टाकीचा आवाज ऐकत पडून राही. स्वतः दिवसभर एकाग्रतेने कापणी करणाऱ्या माणसाला यात वावगं काही वाटलं नाही.

आता ती स्तुती. एका वर्षी बायकोने त्याच्या पिशवीत राणीसाहेबांचा डबा कोंबला, त्याने तो प्रयोगशाळेत फिरवला, आणि मोठ्या साहेबांनी तिसरं फळ तोंडात टाकत विचारलं, "एवढ्या लवकर? कुठलं हे?" तेव्हा जन्मभर तोंडाला मास्क लावून बसलेला हा माणूस मास्क काढून म्हणाला, "आमच्या सासऱ्यांचं झाड. अशा जातीचं दुसरं नाही, साहेब." त्याला बढती नको होती. त्याला फक्त एवढंच हवं होतं, की घरात आपणही काही तरी आणलं असं एकदा व्हावं. टाकीशेजारच्या खोलीत राहणाऱ्याला ही इच्छा होणं स्वाभाविक आहे. ती बोलून दाखवायची नसते, इतकंच.

साहेब स्वतः घरी आले. झाडाभोवती फिरले. माणूस हुशार होता, त्यांनी पाणी विचारलं, खत विचारलं, आणि मग विचारलं, "पराग कुठल्या नराचा घेता? त्यानेही फरक पडतो. फळाच्या आकारात, पिकण्याच्या वेळेत."

"कुठलाही," सासरे म्हणाले. "बाजारात मिळतो तो. नराचं काय हो साहेब, नर तो नर. गुण सगळा आईचा."

चहा घेऊन आलेल्या सासूबाईंना जोरात ठसका लागला. जावयाने धावत जाऊन पाणी आणलं. साहेबांनी समाधानाने मान डोलावली आणि विषय संपला.

राणीसाहेबांच्या बुडाशी शेवटचं म्हणावं असं एक पिल्लू उरलं होतं. ते काढताना सासरे हजर होते, आणि 'एकाची हजार होणार' या आनंदात त्यांनी प्रयोगशाळेतही यायचा हट्ट धरला. त्यांना काचेबाहेर उभं केलं. आत जावयाने पिल्लाची पानं एकेक करून सोलायला सुरुवात केली. बाहेरची, मग आतली, मग त्याच्या आतली. कमरेएवढं पिल्लू गुडघ्याएवढं झालं, मग मनगटाएवढं, आणि शेवटी चिमट्याच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा पांढरा कोंब राहिला. सासरे काचेवर थापा मारायला लागले. जावई बाहेर आला.

"बाकीचं कुठंय?"

"ते टाकायचं, मामा."

"टाकायचं? एवढं मोठं लेकरू होतं!"

"कामाचं एवढंच असतं."

सासऱ्यांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जावईबापू, तुम्हाला मुलगी दिली तेव्हा हे सांगितलं नव्हतं."

कोंबाचे तुकडे कोळशाची पूड घातलेल्या काळ्या थलथलीत खाद्यावर ठेवले गेले आणि बरण्या अंधाऱ्या खोलीत गेल्या. खजुराला घाई नसते. केळीच्या बरण्या शेजारून येत, भरत, शेतात जात, पुन्हा येत. खजुराचे तुकडे तसेच बसून राहत, काही काळे पडून मरत, आणि एखाद्यावर दीड-दोन वर्षांनी मोहरीएवढे पांढरट दाणे उठत. त्यांचे पुन्हा भाग करायचे, पुन्हा नवं खाद्य, पुन्हा अंधार. रोज संध्याकाळी जेवायला बसल्यावर सासरे विचारत, "आमची नात काय म्हणते?"

"अंधारात आहे, मामा."

"म्हणजे तुमच्यासारखीच."

या विनोदावर ते स्वतः हसत, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा करत. बायको नवऱ्याच्या पानात मुद्दाम जास्त वाढे; तिचा निषेध एवढाच असे.

पहिले साहेब निवृत्त झाले. दुसऱ्या साहेबांच्या काळात दाण्यांना कोंब आले, कोंबांना मुळं आली, रोपं काचघरात गेली आणि तिथून संस्थेच्या मळ्यात. लागवडीच्या दिवशी फीत कापली, भाषणं झाली, सासऱ्यांचा सत्कार झाला. जावई मागे उभा राहून रिकामे ट्रे गोळा करत होता. दुसरे साहेबही वर गेले, म्हणजे बढतीवर. फळं धरायची वेळ आली तेव्हा तिसरे साहेब होते, आणि त्यांना आधीच्या दोघांचं काम पुढे न्यायचं नव्हतं, तपासायचं होतं.

मळ्यातल्या झाडांना संस्थेच्या फ्रीजमधला पराग दिला. नर तो नर. फळं धरली आणि मग सगळे वाट पाहत बसले. गावातल्या इतर झाडांचे खजूर पिकले, उतरले, विकले गेले. मळ्यात राणीसाहेबांच्या लेकी कच्चे घोस घेऊन निवांत उभ्या होत्या. पिकले तेव्हा फळं करंगळीएवढी भरली. इकडे घरी त्याच वर्षी राणीसाहेबांनी नेहमीसारखे सगळ्यांच्या आधी अंगठ्याएवढ्या फळांचे घोस दिले होते.

तिसऱ्या साहेबांनी बैठक बोलावली. पानं तपासायला पाठवली होती. अहवाल आला, की ही झाडं आणि ती आई एकच. साहेब म्हणाले, "अहवाल बरोबर आहे. फळ चुकलंय." मग 'विचलन' हा शब्द आला. टिशू कल्चरमध्ये कधी कधी पेशींच्या पुढच्या पिढ्या बिघडतात, आणि नेहमीच्या तपासणीत ते सापडतंच असं नाही. हे खरं आहे. का बिघडतात, तर फार वेळा कापाकापी केली, हाताळणीत ढिलाई झाली. हेही खरं असू शकतं. कापाकापी कुणी केली? सगळ्यांनी टेबलाच्या टोकाला बसलेल्या माणसाकडे पाहिलं. त्याला बोलायची सवय नव्हती.

ठरलं ते असं: आणखी एक हंगाम पाहायचा. फळ असंच आलं तर सगळी झाडं उपटून जाळायची, आणि या माणसाला लॅमिनारसमोर पुन्हा बसवायचं नाही. तोवर त्याने बरण्या धुवाव्यात.

बरण्या धुण्याचा विभाग मागच्या बाजूला होता. गरम पाणी, ब्रश, सोडा, आणि आत चिकटलेलं जुनं खाद्य. ज्यांत आपण तुकडे ठेवले त्याच बरण्या धुताना माणसाला बरंच काही सुचत असेल. त्याने कुणाला सांगितलं नाही. हातांची सालं निघायला लागली तेव्हा बायकोने विचारलं, आणि मग घरात कळलं.

सासऱ्यांनी सहानुभूती दाखवली. "तुमचा दोष नाही, जावईबापू. बरणीत वाढवलेली पोरं अशीच व्हायची. आईचं दूध नाही, बापाचा धाक नाही."

सासूबाई म्हणाल्या, "बापाचं तुम्ही काढू नका."

"का? मी काय वाईट बोललो?"

"जेवा."

इथवर ही एका गरीब माणसाच्या पडतीची साधी गोष्ट होती. पण थंडी सरत आली तेव्हा मोजणीदारांच्या अंगणात एक माणूस करवत आणि दोर घेऊन येऊन गेला. मोजणीदारांच्या मुलाने गाडी घेतली होती आणि ती ठेवायला शेड हवी होती. शेडच्या जागेत ते वांझोटं झुडूप येत होतं. मोजणीदारांनी त्याच्या खोडावर चुन्याची रेघ ओढली.

सासरे त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी अंगणात खुर्ची टाकून भिंतीकडे पाहत बसले. वर्षानुवर्षं ज्या झाडाला शिव्या घातल्या ते जाणार म्हणून या माणसाने खरं तर गल्लीत डबे वाटायला हवे होते. जावयाने विचारलं, "मामा, बरं नाही का?"

"उन्हाचा त्रास होतोय."

"ऊन कुठंय?"

"मग नसल्याचा होतोय!"

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सासूबाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. बराच काळ साठवलेलं माणूस सावकाश बाहेर काढतं, असं म्हणतात. त्यांनी तसं काही केलं नाही.

"सांगा की आता! जावईबापूंना सांगा, पराग बाजारातला असतो म्हणून. नर तो नर म्हणून. इतकी वर्षं शिडी मी धरली आहे, तोंड पण मीच धरलं. पलीकडचे पहाटे फिरायला गेले की भिंतीवर चढायचं, आकडी घालायची, दोन पोयी ओढायच्या. आणि वर भाषण, खानदान लागतं!"

बायको कपडे वाळत घालत होती. तिच्या हातातली चादर तशीच लोंबत राहिली. "बाबा?"

"एका वर्षी ते आजारी पडून घरात होते," सासूबाई थांबायला तयार नव्हत्या, "तर यांनी बाजारातला पराग घातला. तेव्हा कशी आली होती फळं? करंगळीएवढी आली होती. आणि उशिरा. तेव्हा लोकांना काय सांगितलंत? हवा वाईट होती!"

जावई उभा होता तिथेच खाली बसला. लॅमिनारसमोर चिमटा गार व्हायची वाट पाहताना तो जसा बसे तसाच. मग त्याने सालं गेलेले दोन्ही हात पुढे धरले.

"मामा, मी हिवाळाभर बरण्या धुतोय."

घरजावई म्हणून त्या घरात इतकी वर्षं काढल्यावर त्याने मोठ्या आवाजात उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. टाकी भरत होती. तिचाही आवाज त्या वेळी कुणाला आला नाही.

"मी खोटं कुठे बोललो?" सासरे म्हणाले. "कुठलाही म्हटलं होतं. हा कुठलाही नाही का?"

"बाबा, जा," बायको म्हणाली.

"कुठे?"

"पलीकडे. झाड पाडायच्या आत."

सासऱ्यांनी आशेने जावयाकडे पाहिलं. "तुम्ही जाऊन या ना, जावईबापू. तुमच्याकडे मास्क आहे."

"तुम्हीच जायचंय," सासूबाई म्हणाल्या. "या वेळी शिडी धरणार नाही मी. दारातून जा."

दारातून जायला फक्त दोन फाटकं ओलांडायची होती. सासऱ्यांनी धुतलेला सदरा घातला, काढला, पुन्हा घातला. सोबत जावई होता, साक्षीदार म्हणून की पहारेकरी म्हणून ते त्याला विचारलं नाही.

मोजणीदार बनियनवर, अंगणात फीत पसरून शेडची जागा मोजत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"झाड पाडायचं ठरलंय म्हणतात," सासरे झाडाकडे पाहून बोलले.

"ठरलंय," मोजणीदार फितीकडे पाहून म्हणाले. "काही लोकांची हरकत आहे का?"

"हरकत नाही. म्हणजे आहे. थोडा पराग पाहिजे होता."

"बाजारात मिळतो की. नर तो नर."

सासऱ्यांचं भाषण भिंतीपलीकडेही पाठ होतं, हे त्यांच्या आता लक्षात आलं.

मोजणीदारांनी फीत गुंडाळायला घेतली. "दर वर्षी दोन पोयी कमी. पहिल्या वर्षी वाटलं, वाऱ्याने पडल्या असतील. वारा काही देठ आकडीने तोडत नाही. अहो, मी मोजणीदार. कुणाचं काय कुठे सरकलंय हे पाहण्यात जन्म गेला माझा."

"मग बोलला का नाहीत?"

"वाट पाहत होतो. म्हटलं भिंत हातभर आत आहे हे कबूल करायला माणूस येत नाही, निदान पोय मागायला तरी दारातून येईल. नाही आलात. मग गल्लीभर डबे गेलेले पाहायचे. पोरांचा बाप माझ्या अंगणात, आणि डबा सगळ्या जगाला, मला सोडून!" त्यांचा आवाज चढला. "एकदा तरी एक फळ भिंतीवरून टाकावं माणसाने. चुकून तरी!"

सासऱ्यांनी सदऱ्याची गुंडी काढली आणि पुन्हा लावली. शेवटी जावईच पुढे झाला. त्याने बरण्यांचं सांगितलं, मळ्याचं सांगितलं, झाडं जाळणार आहेत हे सांगितलं. थोडक्यात आणि कुणाला दोष न देता, जणू पिल्लू सोलत होता. मोजणीदार ऐकत राहिले. मग सासऱ्यांकडे बोट करून जावयाला म्हणाले, "एका अटीवर. तुमच्या साहेबांसमोर यांनी स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मी शेजारी उभा राहणार. भिंतीचंही त्यातच सांगायचं."

"भिंतीचा साहेबांशी काय संबंध?"

"नसू दे. मला ऐकायचंय."

तर सासऱ्यांनी सांगितलं. तिसऱ्या साहेबांच्या खोलीत, उभं राहून, आधी परागाचं आणि मग भिंतीचं. हातभर आत आहे हेही सांगितलं. मोजणीदारांनी 'हातभर आणि वर चार बोटं' अशी दुरुस्ती केली. साहेबांना भिंत कुठली ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण परागाचं कळलं. त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि जावयाकडे पाहिलं. माफी वगैरे मागितली नाही. साहेबांना ती विभागीय परवानगीशिवाय मागता येत नसावी.

त्या हंगामात मळ्यातल्या निम्म्या झाडांना पलीकडच्या नराचा पराग घातला आणि निम्म्यांना फ्रीजमधला. यंदा सगळेच शहाणे झाले होते, त्यामुळे फळ येण्याआधी कुणी कशाची स्तुती केली नाही. उन्हाळा सरता सरता एका सकाळी मळ्याच्या रखवालदाराने सांगितलं, की एका बाजूची फळं गळायला लागली आहेत आणि पाखरं मागे लागली आहेत. अंगठ्याएवढी फळं. दुसऱ्या बाजूची झाडं कच्चे घोस घेऊन उभी होती, नेहमीसारखी निवांत. झाडं जाळायची नाहीत हे ठरलं. जावयाला लॅमिनार परत मिळालं. तिसऱ्या साहेबांनी एक निबंध लिहिला. त्यात 'संस्थेच्या दूरदृष्टीमुळे' हे शब्द पहिल्याच ओळीत आले आणि जावयाचा उल्लेख शेवटी, काचसामान पुरवणाऱ्यांच्या थोडा वर.

झुडूप अर्थातच पाडलं नाही. मोजणीदारांच्या मुलाची गाडी रस्त्यावर उन्हात उभी असते. झाडाभोवती मोजणीदारांनी लोखंडी जाळी बसवली आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते थांबवून सांगतात, "खानदान लागतं. आईचं काय हो, आई कुठलीही चालते." सासऱ्यांना हे भिंतीअलीकडे बसून ऐकावं लागतं. डबा आता त्या घरी सगळ्यात आधी जातो. तो घेताना मोजणीदार फळं मोजून घेतात.

म्हाताऱ्या नराला पिल्लं फुटत नाहीत. म्हणून जावयाने त्याची एक अगदी कोवळी पोय, पानांच्या बेचक्यात दडलेली असतानाच काढून नेली, आणि आतल्या फुलोऱ्याचे तुकडे काळ्या खाद्यावर ठेवले. त्यांवर दाणे उठतील की ते काळे पडून मरतील, हे कळायला वेळ आहे. उठले तरी त्यांची झाडं होऊन पहिली पोय येईल तेव्हा कितवे साहेब असतील सांगता येत नाही. दोन्ही म्हातारे असतील का, हेही कुणी विचारत नाही.

संध्याकाळी तो घरी येतो, सवयीने कोपरापर्यंत हात धुतो आणि चहाला अंगणात बसतो. पलीकडून भिंतीवर एक डोकं येतं.

"काय म्हणतोय आमचा नातू?"

जावई तोंड उघडणार, तोवर सासऱ्यांचं उत्तर गेलेलं असतं.

"अंधारात आहे. आणि रोज रोज विचारू नका हो, हे काम फार नाजूक आहे. आम्हा लोकांना एकाग्रता लागते."

जावई चहा संपवतो, कप विसळून पालथा घालतो आणि वर जातो. टाकी भरत आलेली असते.